एसी वीस-पंचवीस मिनिटांनी गरम हवा फेकतो, दोनदा गॅस भरून झाला. कॉम्प्रेसर खरंच गेला का?

मानेवाडा_एक्स्प्रेस (१७ मे, रात्री ९:५०)

नमस्कार मंडळी. गाडी पेट्रोल हॅचबॅक, २०१४ ची, ८७,००० किलोमीटर झालेली. कंपनीचं नाव मुद्दाम सांगत नाही, नाहीतर एसी राहील बाजूला आणि 'ती गाडी घेतलीच कशाला' यावर चार पानं भरतील.

रोजचा रस्ता नागपूरचं मानेवाडा ते बुटीबोरी एमआयडीसी. सकाळी एसी झकास, खापरी येईपर्यंत ब्लोअर एकवर आणावा लागतो. रडगाणं संध्याकाळचं. साडेपाचला गाडी उन्हातून काढतो (शेडखालच्या जागा साहेब लोकांच्या), आधी काचा उघडून आतली भट्टी बाहेर काढतो, मग एसी लावतो. थंड हवा येते. चिंचभुवनपर्यंत बरी येते. छत्रपती चौकाच्या सिग्नलला थांबलो की दोन मिनिटांत कोमट, आणि रिंगरोडने ओंकारनगर येईस्तोवर सरळ गरम हवा येऊन राहिली असते. ब्लोअरचा जोर तेवढाच, थंडावा तेवढा गायब. मजा म्हणजे घरी येऊन चहा-अंघोळ करून तासाभराने गाडी सुरू केली की पुन्हा थंड! बायकोला दाखवायला नेलं तर म्हणते, "चांगला तर चालून राहिला."

एप्रिलमध्ये पहिल्या गॅरेजवाल्याने गेज लावला, "गॅस कमी आहे" म्हणाला, १,६०० घेतले. चार दिवस एसी बरा चालला. त्या चार दिवसांत आभाळ होतं आणि एकदा गारपीटही झाली, हे आत्ता लिहिताना आठवून राहिलं. दुसऱ्याने आणखी थोडा गॅस टाकला, १,४०० घेतले, आणि आठवड्याने परत गेलो तर म्हणतो कॉम्प्रेसर कमजोर आहे, नवा २१,०००, रिपेअर केलेला ११,०००.

शनिवारी वडिलांना धंतोलीत फिजिओथेरपीला न्यावं लागतं, आणि वेळ मिळाली आहे दुपारी तीनची. वय ७९. आज डॅशबोर्ड बाहेरचं तापमान ४९ दाखवत होता. वडील मागे ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन बसलेले. मेहाडिया चौकात म्हणाले, "अजनी शेडात इंजिनाच्या पोटात घुसायचो ना, तिथं याच्यापेक्षा गार होतं." चाळीस वर्षं फिटर होते, कमी बोलतात, पण लागेल असं बोलतात.

नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायला आठ दिवस आहेत. २१,००० टाकायचे का?

पुणेकर_तूर्तास (१७ मे, रात्री १०:०५)

गॅस लीक असेल. परत भरून घ्या. आमच्याकडे दर उन्हाळ्यात भरतात.

जुना_रेफ्रिजरेशनवाला (१७ मे, रात्री १०:४०)

दर उन्हाळ्यात भरतात ते भरणाऱ्याच्या सोयीचं आहे, पुणेकर. गॅस म्हणजे पेट्रोल नाही की जाळला आणि संपला. तोच गॅस त्याच नळ्यांत वर्षानुवर्षं फिरतो. दहा-बारा वर्षांत होज आणि ओ-रिंगमधून थोडा झिरपतो, ते मान्य. पण दर वर्षी भरावा लागत असेल तर कुठेतरी भोक आहे आणि ते कोणी शोधलेलं नाही.

मानेवाडा, तुमचा मजकूर दोनदा वाचला. गॅस कमी असलेली गाडी सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं असं सहसा वागत नाही. ती दिवसभर अर्धवटच गार करते. कॉम्प्रेसर आतून झिजला असेल तर सिग्नलला गार करणार नाही, पण मोकळ्या रस्त्यावर पळवली की पुन्हा गार करेल. तुमची गाडी पहिले वीस मिनिटं उत्तम आणि मग एकदम शून्य. तासभर थंड झाली की पुन्हा उत्तम. म्हणजे तापल्यावर काहीतरी सुटून राहिलं आहे.

उद्या हवा गरम झाली की गाडी सावलीत उभी करा, इंजिन आणि एसी चालू ठेवा, बॉनेट उघडा आणि हात मागे बांधून नुसतं पाहा. कॉम्प्रेसरची पुली पट्ट्यावर कायमच फिरते, तिच्याकडे पाहू नका. पुलीच्या तोंडावर मधोमध जी चकती आहे ती फिरते का, ते पाहा. आणि रेडिएटरसमोरचा पंखा चालू आहे का. वरून दिसत नसेल तर मोबाईल लांबून धरून व्हिडिओ काढा. दुपट्टा, लोंबणारी बाही, आयकार्डाची दोरी, सगळं लांब. पंखा कधीही सुरू होतो.

कोणाला एक पैसाही देऊ नका तोवर.

कापूसगाडी_हिंगणघाट (१८ मे, सकाळी ७:१५)

पंख्याचं बोलले म्हणून माझं सांगतो. मलाही असंच, सिग्नलला गरम आणि हायवेवर थंड. जिनिंगच्या गाड्यांमागून रोज जाणं-येणं, कंडेन्सरच्या (रेडिएटरपुढे असते ती एसीची जाळी, तिथे गॅस गार होतो) जाळीवर रुईचा असा थर बसला होता की उशी भरून निघाली असती. समोरून बंपरच्या फटीतून काही दिसत नाही. बंपर काढल्यावर दिसलं. हलक्या पाण्याने आतून बाहेर धुतलं, एसी ठीक. प्रेशर वॉशर जवळून मारू नका, जाळीच्या पत्र्या कागदासारख्या वाकतात, मग हवा जायची तीही बंद.

धरमपेठची_ड्रायव्हर (१८ मे, सकाळी ९:३०)

माझ्या गाडीला अर्ध्या तासाने गरम होण्याचा आजार होता, पण फरक असा की ब्लोअरचा आवाज तेवढाच आणि हवा मात्र कमी कमी होत जायची. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलवर बर्फ साचत होता. तिथला छोटा सेन्सर बिघडला होता, त्यामुळे कॉम्प्रेसर वेळेवर बंदच होत नव्हता. सेन्सर बदलला, ७०० रुपये. तुमच्या हवेचा जोर तसाच राहतो म्हणता, म्हणजे हे नसावं.

आणि ते ४९ मनावर घेऊ नका. गाडीचा सेन्सर बंपरच्या आत डांबराजवळ असतो, उन्हात उभी गाडी काहीही सांगते. ३० मे २०२४ ला आपल्या इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवलं होतं, आठवतं? देशभर बातमी झाली, मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सरच बिघडला होता. खरा विक्रम अजून २३ मे २०१३ चा, ४७.९. तेवढाही पुरे आहे म्हणा.

मानेवाडा_एक्स्प्रेस (१८ मे, रात्री ८:४५)

आज रविवार, पण मुद्दाम दुपारी चारला गाडी काढली, रिंगरोडला एक फेरा मारला आणि हवा गरम झाल्यावर उदयनगरच्या पुढे झाडाखाली उभी केली. मुलगा व्हिडिओ काढत होता.

पंखा जोरात चालू. पुली फिरतेय. मधली चकती ठार उभी. दहा मिनिटं थांबलो, हलली नाही. एसीचं बटण बंद-चालू केलं, तेव्हाही नाही. घरी येऊन तासाभराने केलं तर 'टक' आवाज आला आणि फिरायला लागली. व्हिडिओ वडिलांना दाखवला. चष्मा लावून पाहिला आणि म्हणाले, "हात पोहोचून नाही राहिला." आणि पेपर वाचायला लागले.

जुना_रेफ्रिजरेशनवाला (१८ मे, रात्री ९:२०)

वडिलांचे पाय धरा. बरोब्बर बोलले.

चकती आणि पुलीच्या मधे बारीक फट असते. पुलीच्या मागे तांब्याच्या तारेची कॉइल आहे. तिला करंट मिळाला की ती चुंबक होते, चकती फट ओलांडून पुलीला चिकटते आणि कॉम्प्रेसर फिरतो. हाच एसीचा क्लच. फट नवी असताना साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर. प्रत्येक वेळी चिकटताना दोन्ही बाजूंचं लोखंड थोडं झिजतं, फट वाढते. थंडीत चुंबक तेवढी फट ओढून घेतो. गरम झाला की नाही.

काहून? तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याने वाढतो. कॉइल तापली की करंट कमी, ओढ कमी. आणि चिकटलेली चकती धरून ठेवायला ताकद थोडी लागते, लांबून ओढायला जास्त. म्हणून हायवेवर तुमचा एसी चालतो, कारण चकती चिकटलेलीच असते. सिग्नलला एकदा सुटली की परत चिकटत नाही. तुमचा छत्रपती चौक तो हाच.

पण घाई करू नका. कॉइलपर्यंत करंटच पोहोचत नसेल तरी असंच दिसेल. रिले तापून सुटतो, प्रेशर स्विच तोडतो, वायरचं कनेक्टर सैल असतं. ओळखीचा इलेक्ट्रिशियन असेल तर हवा गरम झालेली असताना कॉम्प्रेसरच्या कनेक्टरवर, वायर जोडलेली असतानाच, व्होल्ट मोजायला सांगा. मग इंजिन बंद करून कॉइलचा रोध मोजा. तोच रोध सकाळी गाडी थंड असताना परत मोजा.

आणि एक शेवटची परीक्षा. गाडी तापलेली, इंजिन बंद, चावी काढून खिशात. फ्यूज लावलेल्या वायरने बॅटरीचा करंट सरळ कॉइलला द्या. 'टक' वाजला नाही तर लाकडी दांड्याने चकती पुलीकडे हलके दाबा. दाबल्यावर चिकटून राहिली तर फट वाढली आहे, कॉम्प्रेसरचा यात काही दोष नाही. दाबूनही धरत नसेल तर कॉइल. पुष्कळ मेकॅनिक हे चालू इंजिनावर दांड्याने ठोकून करतात. एकतीस वर्षांच्या धंद्यात मी माझ्या पोट्ट्यांना ते कधी करू दिलं नाही. एकाची दोन बोटं शेजारच्या दुकानात गेलेली पाहिली आहेत.

मानेवाडा_एक्स्प्रेस (१९ मे, रात्री १०:१०)

कंपनीतल्या इलेक्ट्रिशियनला समोशाची लाच दिली. साडेपाचनंतर गाडी यार्डात उन्हात पाऊण तास चालू ठेवली. तो कुरकुरत होता की घरी जाऊ द्या, पण एकदा हवा गरम झाली आणि व्होल्टमीटर निघाला की माणूस बदलला. सात वाजेपर्यंत तोच थांबवून राहिला.

कनेक्टरवर १३.६ व्होल्ट, चकती उभी. कॉइल गरम असताना ४.५ ओहम. आज सकाळी घरी घेतलेला आकडा ३.६. इंजिन बंद करून बॅटरीची वायर दिली, टक नाही. झाडूच्या दांड्याने दाबली, टक! चिकटली, धरून राहिली. वायर काढली, सुटली. परत दिली, नाही. परत दाबली, टक. हे आम्ही पाच वेळा केलं. गरज नव्हती, पण मजा येत होती.

जुना_रेफ्रिजरेशनवाला (१९ मे, रात्री १०:३५)

३.६ चे ४.५ म्हणजे रोध पाव हिस्सा वाढला. सकाळच्या मानाने कॉइल साठ-पासष्ट अंश जास्त तापलेली होती. करंट ३.८ अँपिअरवरून ३ वर आला. चुंबकाची ओढ करंटच्या वर्गाने बदलते, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त ओढ गेली. कॉइल धडधाकट आहे, तांबं तांब्यासारखंच वागलं. फट कमी करा.

मधला बोल्ट काढला की चकती पुढे निघते. आत शाफ्टवर कागदासारख्या पातळ शिम असतात. एक काढली की फट तेवढी कमी. हे सगळं कॉम्प्रेसरच्या बाहेरचं काम आहे, गॅसला हात लावावा लागत नाही, त्यामुळे 'गॅस काढावा लागेल, पुन्हा भरावा लागेल' म्हणणाऱ्याकडून उठून या. फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) तीन ठिकाणी मोजा, एकाच ठिकाणी नको. शिम काढल्यावर पुली हाताने फिरवून पाहा, घासली नाही पाहिजे. ०.३ च्या खाली नेऊ नका, नाहीतर एसी बंद असतानाही चकती घासत राहील आणि बेअरिंग जाईल.

आता दुसरं दुखणं. दोनदा जो गॅस टाकला तो किती ग्रॅम टाकला, कोणी वजन केलं?

मानेवाडा_एक्स्प्रेस (१९ मे, रात्री १०:४१)

वजन? डबा लावला, गेजकडे पाहिलं, "झालं साहेब."

जुना_रेफ्रिजरेशनवाला (१९ मे, रात्री ११:२०)

झोप येत नाही म्हणून लांब लिहितो.

तुमच्या गाडीत आर-१३४ए नावाचा गॅस आहे. बॉनेटखाली स्टिकर पाहा, त्यावर ग्रॅममध्ये आकडा असेल. तेवढाच. गेजवरून गॅस किती आहे ते कळत नाही, हे अर्ध्या नागपूरला कोणी सांगितलेलं नाही. गाडी बंद असताना नळ्यांत थोडा द्रव आणि वर वाफ असते, आणि अशा वेळी प्रेशर फक्त तापमानावर ठरतं. ४५ अंशाला सुमारे १५० पीएसआय. आत २०० ग्रॅम असो की ४००, द्रवाचा थेंब शिल्लक आहे तोवर गेज १५० च म्हणणार. स्वयंपाकाच्या सिलिंडरचं तसंच, संपत येईपर्यंत शेगडीची ज्योत काही सांगत नाही, उचलून पाहावं लागतं.

गाडी चालू असताना गेज कामाचा आहे, पण तो बाहेरची हवा मोजून वाचायचा. एकाच गाडीचा हाय साइडचा (कॉम्प्रेसरमधून दाबून बाहेर पडलेल्या गॅसच्या बाजूचा) आकडा जानेवारीत दीडशेच्या आसपास दिसेल आणि मे महिन्यात तीनशेला टेकेल, दोन्ही निरोगी. आकडे पाठ करून आलेला पोट्टा एकदा काढतो, एकदा घालतो.

गॅस जास्त झाला की कंडेन्सरमध्ये द्रव साठतो, गार करायची जागा कमी उरते, प्रेशर चढतं, कॉम्प्रेसर जड चालतो, सगळं जास्त तापतं. म्हणजे आधीच ढिला असलेला क्लच आणखी लवकर सुटणार. तुमचे तीन हजार कुठे गेले ते समजलं असेल.

शिम काढून झाली की मशीनवाल्याकडे जा. मशीन गॅस बाहेर ओढून वजन दाखवतं. मग अर्धा तास तरी व्हॅक्यूम, आणि स्टिकरवरच्या वजनाइतकाच गॅस. व्हॅक्यूम मारल्यावर दहा मिनिटं काटा हलतो का ते तिथे उभं राहून पाहा, हलला तर लीक. 'लीक बंद करणारं औषध' कोणी टाकू म्हटलं तर नाही म्हणा. ते एक्स्पान्शन वॉल्व्हमध्ये (कूलिंग कॉइलच्या आधीचं बारीक भोक) जाऊन बसतं, आणि पुढच्या माणसाच्या मशीनमध्येही.

पुणेकर_तूर्तास (२० मे, सकाळी ८:०२)

माघार घेतो. आमच्या गाडीत दर वर्षी भरतात ते कुठून जातंय ते कसं शोधायचं?

जुना_रेफ्रिजरेशनवाला (२० मे, सकाळी ८:३०)

जोडांवर आणि कंडेन्सरवर तेलकट काळे डाग शोधा. गॅसबरोबर तेल बाहेर येतं, त्यावर धूळ बसते. नाही दिसलं तर नायट्रोजन भरून साबणाचं पाणी. तरी नाही सापडलं तर डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल, मग खर्चाला तयार राहा. नवा धागा काढा, इथे गर्दी नको.

मानेवाडा_एक्स्प्रेस (२४ मे, संध्याकाळी ७:५५)

झालं!

गुरुवारी सुटी टाकली. सक्करदऱ्याकडचा एक जण क्लचचंच काम करतो, इलेक्ट्रिशियनने त्याचं नाव सांगितलं. फीलर गेज मागितला तर म्हणतो, "अंदाजानेच करतो साहेब, सवय आहे." वडील गाडीत बसलेले होते. त्यांनी पिशवीतून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. शेडातून रिटायर होताना आणलेला गेज, तेल लावून, कापडात गुंडाळून. मला माहीतही नव्हतं की ते सोबत घेऊन निघाले आहेत.

तीन ठिकाणी मोजलं: ०.९०, ०.९५, १.००. अर्ध्या मिलिमीटरची शिम निघाली. आता ०.४०, ०.४५, ०.५०. त्याने ५०० रुपये घेतले आणि वडिलांना चहा पाजला. दोघं एक तास बेअरिंगबद्दल बोलत बसले.

मग मशीनवाला. स्टिकरवर ४०० ग्रॅम. माझ्या गाडीतून निघाला ५४० ग्रॅम! व्हॅक्यूमनंतर काटा हलला नाही, लीक नाही. ४०० भरला, १,८०० रुपये. लीकच नव्हती तर पहिल्याने एप्रिलमध्ये 'कमी आहे' कशावरून म्हटलं, हे त्याला विचारायला जाणार होतो. बायको म्हणाली, ऊन आहे, बसा घरी.

आज शनिवार, दुपारी तीन, धंतोली. बाहेर डॅशबोर्डप्रमाणे ४८ (धरमपेठताई, मनावर घेतलं नाही). स्वयंपाकघरातला थर्मामीटर मधल्या जाळीत खोचला होता, आतली हवा फिरवायचं बटण दाबून. पंचशील चौकाच्या गर्दीतही १२ च्या वर गेला नाही. येताना छत्रपती चौकाला मुद्दाम वळसा घालून गेलो. सिग्नलला नव्वद सेकंद उभा होतो. टक. टक. सुटतो आणि धरतो. वडील म्हणाले, "कमी कर थोडा, गुडघे दुखतात."

कापूसगाडी_हिंगणघाट (२४ मे, रात्री ८:२०)

२१,००० चं काम २,३०० मध्ये. त्यात समोसे धरले का?

जुना_रेफ्रिजरेशनवाला (२४ मे, रात्री ९:०५)

वडिलांना माझा नमस्कार सांगा. काढलेली शिम फेकू नका. ही चकती कधीतरी संपेल, नवी बसवताना फट जुळवायला तीच लागेल.

मानेवाडा_एक्स्प्रेस (२४ मे, रात्री ९:१२)

ती कधीच बिस्किटांच्या डब्यात गेली. वर कागद चिकटवला आहे, गाडीचा नंबर, तारीख आणि ०.५०. अक्षर वडिलांचं.